उंचसखल लॉनमधला थॅच काढायचं दंताळं कसं बनवायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या आसपासचे बंगले, सोसायट्या, मुळशी-पानशेतकडची फार्महाउसं, इथल्या लॉनला डोळ्यासमोर ठेवून हे लिहिलंय. म्हणजे खाली काळी माती नाहीतर मुरमाचा भराव, वर हरळीच्या जातीचं किंवा कोरियन-मेक्सिकन नावाने नर्सरीत मिळणारं गवत, आणि जमीन कुठेच सरळ नाही. क्रिकेटच्या मैदानासारखं सपाट लॉन असेल तर यातलं निम्मं तुम्हाला लागणारच नाही, बाजारातलं दंताळं आणा आणि कामाला लागा.

थॅच म्हणजे नक्की काय? कापलेलं गवत का?

नाही, सगळ्यांचा इथेच घोळ होतो. हिरवं पातं आणि माती यांच्या मधे जो तपकिरी, स्पंजसारखा थर साठतो तो थॅच. त्यात मेलेल्या आणि अर्धवट जिवंत काड्या, जमिनीवर सरपटणारे धावते, मुळं असं सगळं एकमेकात विणलेलं असतं. या भागांत लिग्निन (लाकडाला टणक करणारं द्रव्य) जास्त, ते लवकर कुजत नाही, म्हणून साठतं. लॉन कापल्यावर पडणारी पात्याची टोकं बहुतेक पाणीच असतात, ती चटकन कुजतात, त्यांचा यात फारसा हात नसतो. उलट दर पंधरा दिवसांनी युरिया, रोज संध्याकाळी वरवर पाणी, आणि गांडुळं मारणारी औषधं, असं चाललं असेल तर थर झपाट्याने वाढतो कारण गवत वाढतंय जोरात आणि कुजवणारं कोणी उरलेलं नाही.

किती झाला की काढायचा?

खुरप्याने एक त्रिकोणी तुकडा कापून वर काढा, केकचा पीस काढतो तसा, आणि तपकिरी थर बोटांनी दाबून मग पट्टीने मोजा. १० मिमीपर्यंत असेल तर सोडून द्या, तेवढा बरा असतो, ओल धरतो आणि चालताना जमीन दबू देत नाही. १२ मिमीच्या म्हणजे अर्ध्या इंचाच्या वर गेला की पाणी खाली उतरत नाही (सुकलेला थॅच तर पाणी चक्क झटकून टाकतो), मुळं मातीत जायच्या ऐवजी थॅचमधेच राहायला लागतात आणि मग मे महिन्यात दोन दिवस पाणी चुकलं की लॉन पिवळं. तीन-चार ठिकाणी मोजा, एका जागेवर विश्वास ठेवू नका. झाडाखाली एक आकडा येतो आणि उन्हात दुसरा.

बाजारात थॅच रेक मिळतं की, मग नवीन कशाला बनवायचं?

मिळतं, आणि चांगलं असतं. चंद्रकोरीसारखी धारदार पाती एका सळईवर ओळीने बसवलेली, साधारण १५ इंच रुंद, नट सैल करून डोक्याचा कोन बदलता येतो. सपाट जमिनीवर याला तोड नाही.

प्रश्न येतो उंचवट्यावर. सगळी पाती एका ताठ सळईवर आहेत, म्हणजे सगळ्यांची टोकं एका सरळ रेषेत. जमीन सरळ रेषेत नाही. मग मधली चार पाती टेकाडावर घुसतात, थॅच सोडून माती आणि मुळं वर काढतात, आणि कडेची पाती हवेत तरंगतात. खड्ड्यात याच्या उलटं, कडेची खरवडतात आणि मधला थॅच तसाच राहतो. एकदा फिरवून झाल्यावर लॉनकडे लांबून बघा, टेकाडांवर गोल गोल टक्कल पडलेलं दिसेल. माळीकाका म्हणतात हात जड पडला, पण हात कितीही हलका ठेवला तरी ताठ दंताळ्याला दुसरा पर्यायच नसतो, दोष अवजाराचा आहे.

साध्या बागेच्या पंज्याने नाही का होणार?

पानं गोळा करायचा पंजा फार मऊ, तो थॅचवरून नुसता सरकतो. मातीचं लोखंडी दंताळं फार ताठ आणि दात जाड, ते उपटतं. आपल्याला हवंय ते या दोघांच्या मधलं काहीतरी.

त्यापेक्षा जमीनच सपाट करून घेतली तर?

करा ना, पण क्रम लक्षात घ्या. थॅचच्या गादीवर माती टाकून सपाट केलं तर गादी खाली गाडली जाते आणि पाणी कायमचं अडतं. म्हणजे आधी थॅच काढायचाच आहे, तोही याच उंचसखल जमिनीवर. आणि काळ्या मातीचा स्वभाव तुम्हाला माहितीये, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, यंदा सपाट केलेलं पुढच्या वर्षी परत वर-खाली. भरावाची जमीन तर काही वर्षं बसतच राहते, विशेषतः ड्रेनेजच्या पाइपवरून आणि चेंबरच्या कडेने. त्यामुळे जमीन सपाट होईल या आशेवर अवजार डिझाइन करू नका.

उंचवटा जमिनीचाच आहे हे कसं ओळखायचं?

चांगला प्रश्न, आणि कोरियन ग्रासवाल्यांनी हे आधी तपासावं. ते बारीक मऊ गवत, जास्त दिवस कापलं नाही की स्वतःच उशांसारखे फुगवटे तयार करतं. लांब स्क्रूड्रायव्हर सरळ खाली दाबा, मऊ गादी संपून घट्ट माती कुठे लागते ते बघा. टेकाडावर आणि शेजारच्या सखल भागात दोन्हीकडे करा. टेकाडावर जास्त आत गेला तर तो फुगवटा गवताचा, तिथे दंताळं खोल जाऊ दे. दोन्हीकडे सारखाच गेला तर टेकाड मातीचं, तिथे अवजाराने वर उचललं गेलं पाहिजे. पावसाळ्यात गांडुळांच्या मातीचे ढिगारे असतात ते वेगळे, ते वाळल्यावर झाडूने फोडून पसरवायचे.

डोक्याची रुंदी किती ठेवायची?

सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच, आणि लोक नेमकं यातच चुकतात कारण रुंद म्हणजे काम लवकर असं वाटतं.

हिशोब सोपा आहे. टेकाडाची गोलाई एका वर्तुळाचा भाग धरा, त्रिज्या R. त्यावर w रुंदीची सरळ पट्टी ठेवली की मधे टेकते आणि कडेला फट राहते. फट अंदाजे w गुणिले w भागिले 8R. आता १ मीटर त्रिज्येचं टेकाड घ्या, म्हणजे लॉनमधे पाय अडखळावा इतपत. १५ इंची, म्हणजे ३८० मिमी डोक्याला फट येते १८ मिमी. तुमचा थॅचच १५ मिमी आहे! म्हणजे कडेचे दात थॅचच्या तळाला पोचेपर्यंत मधले दात मातीत १८ मिमी रुतलेले. रुंदी २०० मिमी केली की फट ५ मिमी. रुंदी निम्मी केली तर फट पावपट होते, आणि हे ५ मिमी दाताच्या लवचिकपणात सहज सामावतात.

म्हणून माझं मत: २०० मिमी, फार तर २२०. हो, फेऱ्या वाढतात, जवळजवळ दुप्पट होतात. पण प्रत्येक ओढ हलकी असते, आणि एकाच पट्ट्यावरून चार वेळा जावं लागत नाही कारण पहिल्याच फेरीत सगळ्या दातांनी काम केलेलं असतं. शिवाय परत उगवायला दोन महिने लागणारी टकलं पडत नाहीत.

पाती चांगली की स्प्रिंगच्या तारेचे दात?

दोन्हींवर लोक हमरीतुमरीवर येतात. पातं कापतं, तार विंचरते. थॅच २५ मिमीच्या वर, गच्च विणलेला असेल तर तार त्याच्यावरून घसरते, तिथे पातं लागतंच. पण पातं लवत नाही, म्हणून उंचसखल जागेवर पाती वापरायची तर डोकं तुकड्यात करावं लागतं: ७०-८० मिमीचे तीन तुकडे, एकाच सळईवर ओवलेले, प्रत्येक तुकडा आपापला वर-खाली होणारा. कागदावर सुंदर दिसतं. प्रत्यक्षात काय होतं तर दोन तुकड्यांच्या सांध्यात धावते अडकतात, हरळीची ती चिवट दोरी सळईभोवती गुंडाळली जाते आणि तुकडे जाम. मग परत ताठ दंताळंच झालं की. सांध्यावर वॉशर, पत्र्याचं झाकण वगैरे करून चालवता येतं पण दर दहा मिनिटांनी थांबून सुरीने साफ करायची तयारी ठेवा.

घरच्या लॉनला, १२ ते २० मिमी थॅचला, मी तारेचे दातच सांगेन. प्रत्येक दात स्वतंत्र, मधे सांधा नाही, अडकायला जागा नाही. एक दात टेकाडावर चढला तर तो एकटा वर जातो, शेजाऱ्याला त्याचं काही नाही.

दाताचा आकार कसा असावा? सरळ खाली तार सोडली तर?

सरळ खाली सोडलेली तार मागे लवते, वर उचलली जात नाही. १२० मिमीची उभी तार १० मिमी मागे वाकली तरी तिचं टोक जेमतेम अर्धा मिमी वर येतं. म्हणजे स्प्रिंग लावूनही टेकाडावर ती घुसतेच, नुसती वाकडी होऊन घुसते. बऱ्याच घरगुती प्रयोगांमधे गाडी इथेच अडते आणि मग स्प्रिंगचे दात कुचकामी असा शिक्का बसतो.

दात L आकाराचा करा. डोक्यापासून आडवा हात पुढे, म्हणजे तुमच्यापासून लांब जाणारा, १६० मिमी, आणि टोकाला खाली वळवलेला आकडा ४५ मिमी. टेकाड आलं की आडवा हात वर लवतो आणि आकडा जवळपास उभाच राहून वर जातो.

याच्यात अजून एक मजा आहे. दंताळं तुम्ही स्वतःकडे ओढता, तेव्हा थॅच आकड्याला पुढे धरून ठेवतो. ही ओढ आडव्या हाताच्या खाली ४५ मिमीवर लागते, म्हणून ती हाताला वरच्या बाजूला पीळ देते. नेहमीच्या ओढीला, दातामागे सव्वा किलो धरा, टोक ३ मिमीच्या आसपास उचललं जातं, ते चालतं. पण दात एखाद्या मुळाला किंवा गाडलेल्या ठिबकच्या नळीला अडकला आणि त्या एका दातावर ५ किलो आले तर तो ११ मिमीपेक्षा जास्त उचलला जाऊन आपोआप सुटतो. हेच उलट बसवलं, म्हणजे हात तुमच्या दिशेने येणारे आणि मग आकडा खाली, तर अडकल्यावर दात अजून खोल घुसतो, नांगराच्या फाळागत. मग एकतर तार मोडते नाहीतर गवताचं अख्खं ढेकूळ निघतं. वेल्डरला दिशा चार वेळा सांगा, खडूने बाण काढून द्या.

तार कुठली आणि किती जाडीची?

स्प्रिंग स्टीलची, ४ मिमी. साधी एमएसची, म्हणजे माइल्ड स्टीलची, सळई वापरू नका, ती लवते पण परत येत नाही, दोन ओढींत सगळे दात निरनिराळ्या दिशांना तोंड करून उभे.

जाडीत थोडासा फरक केला तरी फार फरक पडतो कारण ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो: ३ वरून ४ मिमी केलं की तिपटीहून जास्त ताठ. लांबीचं उलटं, ती तिसऱ्या घातात: लांबी दुप्पट तर दात आठपट मऊ. वर दिलेला ४ मिमी जाड आणि १६० लांब दात ५ मिमी उचलायला जवळपास १ किलोचा जोर घेतो. माझ्या मते हा बरोबर मधला आकडा आहे. तुमच्याकडे टेकाडं जास्त टोकदार असतील तर जाडी बदलू नका, दाताचा आडवा हात १८० मिमी करा.

तार गार असतानाच वाकवायची. तापवून वाकवली की तिथला स्प्रिंगपणा जातो आणि नेमकी तिथेच मऊ पडते. वळण एकदम काटकोनी नको, १०-१२ मिमी सळईभोवती गोल वळवा, नाहीतर कोपऱ्यात तडा जातो. आणि दातांना वेल्डिंग तर अजिबात नाही! दात डोक्याला दोन पट्ट्यांच्या मधे चिमटून बोल्टने आवळायचे. २५ बाय ५ च्या दोन एमएस पट्ट्या, एकीत दातांच्या जागी खाचा, मागे तारेला छोटा आडवा वळसा म्हणजे ती फिरणार नाही की सरकणार नाही. एखादा दात गेला तर तेवढाच बदलता येतो हा वरचा फायदा.

पातीच हवी असतील तर लोहाराकडून करून घेता येतील का?

येतील की. गाडीच्या कमानपाट्याचं लोखंड घ्या, कोयते त्याचेच होतात. फक्त कमानपाटा जाड असतो, तो ठोकून ३ मिमीपर्यंत आणायला सांगा आणि पाणी देताना, म्हणजे तापवून कडक करताना, धारेलाच द्या, पाठ मऊ राहू दे. सगळं पातं कडक केलं तर पहिल्या दगडाला काचेसारखं तुटतं.

दातांमधलं अंतर किती?

हरळीच्या जातींना २५ मिमी. याच हिशोबाने २०० मिमीत ९ दात बसतात. कोरियन आणि त्याच्याच झोयसिया कुळातल्या बाकी गवतांना २५ ते ५०, त्यांना एक दात आड काढून टाकला तरी चालतं. जाड पानाचं, नुसतं जमिनीवर सरपटणारं गवत असेल, ज्याला बफेलो किंवा सेंट ऑगस्टीन म्हणतात, तर ७५ च्या खाली जाऊ नका आणि हातही हलका ठेवा. हरळी आणि झोयसियाला जमिनीखालीही खोडं असतात, वरचं सगळं गेलं तरी खालून फुटतात. याला तसं काही नाही, वरचे धावते उपटले की खेळ संपला.

खोली कशी आवरायची? हाताच्या अंदाजाने?

पहिली दहा मिनिटं अंदाज बरोबर असतो. मग हात दमतो, दांडा खाली येतो, कोन बदलतो आणि खोलीही. म्हणून डोक्याच्या मधोमध, दातांच्या आकड्यांच्या अगदी शेजारी, एक बूट लावा: ५० मिमी रुंद पट्टीचा, दोन्ही टोकं वर वळवलेली, जमिनीवरून घसरत जाणारा. लांबट भोक ठेवलं की बोल्ट सैल करून वर-खाली होतो. दाताचं टोक बुटाच्या तळापेक्षा जेवढं खाली, तेवढी कामाची खोली. सुरुवात ८ मिमीने करा. मातीला टोक नुसतं चाटून गेलं पाहिजे, नांगरट नको.

दोन टोकांना दोन बूट लावायचा मोह होतो, दिसायला भक्कम वाटतं. पण मग टेकाड दोन बुटांच्या मधे आलं की परत तेच, मधले दात आत. एकच बूट, मधे.

डोकं दांड्याला घट्ट जोडायचं की हलतं?

डाव्या-उजव्या बाजूला हलतं, मर्यादेत. एक बोल्ट, दोन वॉशर, नायलॉक नट (आपोआप सैल न होणारा), आणि दोन्ही बाजूंना साधारण १५ अंशांवर अडणारी खुंटी. उतारावर तुम्ही सरळ उभे राहिलात तरी डोकं उताराला बसतं, मनगट पिळावं लागत नाही. खुंटी नसेल तर उचलताना डोकं लोंबकळतं आणि पायावर येतं, तेवढं बघा.

पुढे-मागे मात्र हलतं नको. तो कोन नट आवळून फिक्स करता आला पाहिजे, काम करताना बदलता कामा नये.

दांडा कशाचा आणि केवढा?

जमिनीवर उभा केला की हनुवटीपर्यंत, म्हणजे बहुतेकांना दीड मीटरच्या आसपास. आखूड दांड्याने कंबर जाते. कोकणातला माणगा बांबू मिळाला तर उत्तम, जवळजवळ भरीव असतो आणि वजनाला हलका. नाहीतर बाभळीचा, फक्त तो जड पडतो. अॅल्युमिनियमचा पाइपही चालतो पण उन्हात चटके देतो आणि झटका थेट हाताला लागतो. ओढताना दांड्याचा जमिनीशी कोन लांब असताना ३५ अंश आणि पायाजवळ आल्यावर ५५ च्या घरात जातो, म्हणून आकडा उभा कधी बघायचा तर मधल्या ४५ अंशांवर दांडा धरून. टेबलावर आडवं ठेवून सेट केलेला कोन लॉनवर चुकतोच.

बनवून झाल्यावर बरोबर झालंय हे कळणार कसं?

थेट लॉनवर पळू नका. लॉनच्या कडेला मातीचाच एखादा उघडा उंचवटा बघा, नसेल तर करा, पाणी मारून थापून गुळगुळीत करा. दातांची टोकं ओल्या चुन्यात बुडवा आणि दंताळं त्या टेकाडावरून आडवं एकदा ओढा, जोर न लावता. आता रेघा मोजा. नऊ दातांच्या नऊ पांढऱ्या रेघा चढापासून उतारापर्यंत सलग दिसल्या तर काम झालं. माथ्यावर मधल्या तीन रेघा खोल आणि चुना मातीत मिसळून मळकट, कडेला रेघा तुटक किंवा गायब, असं दिसलं तर दात अजून ताठ आहेत, त्यांचा आडवा हात लांब करा. सगळ्या रेघा डावीकडेच गडद असतील तर डोक्याचा बोल्ट जाम आहे, एवढंच.

दुसरी टेस्ट ओढीची. बॅगा मोजायचा हुकवाला डिजिटल काटा दांड्याला दोरीने बांधून काट्यानेच ओढा. थॅचमधे १० ते १२ किलोच्या आसपास आलं तर माणूस तासभर काम करू शकतो. १८-२० दाखवत असेल तर बूट खाली घ्या किंवा दोन दात काढा, हिरोगिरी नको.

कुठल्या महिन्यात काढायचा?

आपली ही सगळी गवतं उष्ण हवेतली, ती जोरात वाढत असतानाच हात लावायचा म्हणजे जखम भरते. पुण्यात थंडी सरली की, फेब्रुवारी अखेर ते मार्च, पाण्याची सोय असेल तर. पाणी नसेल तर जूनमधे, पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की मधल्या उघडिपीत. डिसेंबर-जानेवारीत नको, गवत झोपलेलं असतं. एप्रिल-मेच्या उन्हात नको, उघडी पडलेली खोडं भाजतात. भर पावसाळ्यात तर नकोच, काळी माती तेव्हा लोण्यासारखी असते, दाताबरोबर मुळासकट वर येतं. मुठीत माती दाबली तर गोळा व्हावा पण हाताला चिकटू नये, एवढी ओल बरोबर.

ओढायची पद्धत काही वेगळी आहे का?

आधी गवत नेहमीपेक्षा थोडं खाली कापून घ्या. मग हातभर लांबीच्या छोट्या ओढी, लांब ओढीत बूट उचलला जातो. टेकाडावर आडवं जा, चढउताराच्या दिशेने नको. एक फेरी झाली की दुसरी तिला तिरकी, आणि पहिल्यापेक्षा उथळ. सगळा थॅच एकाच हंगामात काढायचा हट्ट सोडा. ३० मिमी असेल तर यंदा १०-१२, बाकी पुढच्या वेळी. दर चार-पाच ओढींनी दाताच्या टोकाकडे नजर टाका: तपकिरी काड्या दिसतायत तर चालू ठेवा, पांढरी मुळं आणि ओली माती दिसली की बूट खाली करून खोली कमी करा.

काढून झाल्यावर लॉन भयानक दिसतंय, मेलं का?

नाही, असंच दिसतं. भरपूर पाणी द्या, आठवडाभर कोणाला खेळू देऊ नका, हलकं खत टाका. आणि सखल जागा भरून घ्यायची हीच वेळ, कारण आता माती थेट जमिनीला भेटते. पोयटा माती आणि चाळलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, एका वेळी ५-६ मिमी, पात्यांची टोकं दिसत राहिली पाहिजेत. नुसती वाळू काळ्या मातीवर पसरू नका, वेगळाच थर होतो आणि पाणी तिथे थबकतं. ३-४ इंच खोल खड्डा असेल तर वरून माती टाकण्यात अर्थ नाही, कुदळीने गवताची चकती उचला, खाली भरा, परत बसवा.

निघालेल्या कचऱ्याचं काय?

चार-पाच दिवस फरशीवर कडक उन्हात वाळवा, मगच कंपोस्टमधे टाका. हरळीचा एक ओला धावता जरी खतात जिवंत राहिला तर पुढच्या वर्षी तुमच्या मिरच्यांच्या कुंडीत हरळी. कुजायला वेळ लागतो, ओला किचनचा कचरा आणि थोडं शेण मिसळलं की बरं.

मशीन भाड्याने आणलं तर हे सगळं वाचेल ना?

मोठं आणि सपाट लॉन असेल तर जरूर आणा, अर्धा एकर हाताने ओढायचा कोणी. पण स्कॅरिफायर किंवा व्हर्टिकटरची पाती एका ताठ शाफ्टवर फिरतात, चाकं दोन बाजूंना. ताठ दंताळ्याचाच तो मोटर लावलेला अवतार, टेकाडावर क्षणात माती उडवतो. मी म्हणेन सपाट भाग मशीनने, टेकाडं आणि झाडाच्या बुंध्याजवळची जागा हाताने.

आम्ही अमेरिकेत राहतो, इथेही हेच चालेल का?

अवजार तेच चालेल, कॅलेंडर बदला. उत्तरेकडे थंड हवेची गवतं असतात, केंटकी ब्लूग्रास, फेस्क्यू वगैरे, त्यांना ऑगस्ट अखेर ते सप्टेंबर योग्य. टॉल फेस्क्यूमधे थॅच फारसा होतच नाही, मोजल्याशिवाय हात लावू नका. दक्षिणेत बर्म्युडा असेल तर ती आपल्या हरळीचीच बहीण, ती वसंतात पूर्ण हिरवी झाल्यावर करा. इंग्लंडात राहणारे बऱ्याचदा थॅचपेक्षा मॉसने, म्हणजे शेवाळाने, वैतागलेले असतात, त्यालाही हे तारेचे दात छान लागतात, फक्त बूट खाली घेऊन ४-५ मिमी खोली पुरते.

देखभाल?

काम झालं की दात कोरड्या फडक्याने पुसून जुन्या इंजिन ऑइलचा हात फिरवायचा. पट्ट्यांना रेड ऑक्साइड आणि वर रंग, दातांना रंग नको, पहिल्या ओढीत निघतो. पावसाळ्यात आडवं टाकू नका, दात वर करून ठेवलेल्यावर तर कोणीतरी पाय देणारच, खिळ्याला उलटं टांगा. दोन दात आणि चार बोल्ट जादा करून ठेवा, वेल्डरकडे परत त्या एका दातासाठी गेलात तर तो उद्या या म्हणतो.

दात झिजले तर धार लावायची का?

तारेला धार नसते. टोक गोल झालं की कानशीने सपाट करा, आणि आकडा ४५ वरून ३५ मिमीवर आला की दात बदला.